डावखुरा दस्ता

इचोडा, २ मार्च १९५१

चि. मारोतीस डोमाजीचा आशीर्वाद. घ्यायचा असेल तर घे.

तू सुटलास ही बातमी थोरल्या भावाला कोणी द्यावी? बोथच्या बाजारात मिरच्या विकणाऱ्यानं. "तुमचा मारोतराव राजुऱ्याले दिसला ना, भांड्यायवर नावं टाकून राह्यला," असं तो चार माणसांत म्हणाला. मी "हो, माहीत आहे" म्हणालो आणि मिरच्या न घेताच निघालो. सहा महिने झाले म्हणे तुला सुटून. एक कार्ड टाकायला हात मोडला होता का?

आणि भांडी! ज्या हातानं बंदुकीच्या पोलादाच्या तीन बोटं पाटीवर रोह्यांचा कळप पळवला, एकेकाच्या मानेवरची आयाळ मोजून घ्यावी असा, तो हात आता कुणाच्या तरी तांब्यावर "मामाकडून सप्रेम भेट" कोरतो. जेलात तुझं काय काय गेलं ते मला माहीत नाही, पण लाजही तिथंच ठेवून आलास की काय?

येऊ दे राग. राग आला तर उत्तर तरी लिहिशील.

घरचं सांगतो. तुझी शकू आमच्याकडेच आहे. तुझी वहिनी रेणुका तिला धाकट्या बहिणीसारखी वागवते. दुकान चालू आहे असं आपलं म्हणायचं. पोलीस ॲक्शननंतर हत्यारं सरकारात जमा झाली, शिकारीचे शौकीन हैद्राबादेला गेले, काही त्याच्याही पलीकडे गेले, आणि बंदुकांना अक्रोडाचे दस्ते कोरणारा मी बाजेचे पाय आणि वखराच्या दांड्या घडवतो. म्हणजे भांड्यांवरून तुला बोललो ते मी मागे घेत नाही, पण माझंही चित्र डोळ्यापुढे असू दे.

भिंतीवर गिऱ्हाइकांच्या मापकाठ्या अजून आहेत. कोपराच्या खोबणीपासून चापाच्या बोटापर्यंत, ज्याची त्याची काठी. जहागीरदाराचीही आहे. पावणेपंधरा इंच, डाव्या खांद्याची. रेणुका म्हणते, ती तरी चुलीत घाला, त्याच्या त्या रायफलीनंच घर बुडवलं. तिला कसं सांगू की तीन वर्षं आपण दोघांनी दुसरं काही केलंच नव्हतं! तू लोखंडावर सागाच्या फुलोऱ्याची वेल काढत आणलीस आणि मी तीच वेल लाकडात पुढे नेली. लोखंड कुठं संपलं आणि लाकूड कुठं लागलं ते डोळे मिटून नख फिरवलं तरी कळू नये, असा तुझा हट्ट. एका पानाच्या जोडासाठी तू मला अठरा वेळा दस्ता सोडायला लावलास. आणि ती तयार झाली तेव्हा जहागीरदार पळून गेला होता.

हत्यारं जमा करायची दवंडी आली तेव्हा तूच म्हणालास, "दादा, जमा केली तर ते करवतीनं कापतील." तूच ती गोणपाटात गुंडाळून तामसीला नेलीस, शकूच्या भावाकडं, अमृतरावाकडं. त्याच्या शेतातल्या कडब्याच्या गंजीत लपवायची अक्कल तुमची दोघांची. मी फक्त नको म्हटलं नाही.

पुढं झडती झाली, गंजीत बंदूक सापडली, अमृतरावाला लष्कराच्या कॅम्पावर नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोडलं. तिसऱ्या दिवशी बोथच्या रस्त्यावर तुला उचललं. यात कुणाचं तोंड उघडलं ते सांगायला ज्योतिषी नको. इथं सगळ्यांना ठाऊक आहे. शकूनं तर सख्ख्या भावाचं तोंड पाहणं सोडलं. दोन भाऊबीजा गेल्या, तिनं त्याला ओवाळलं नाही. यापेक्षा तिनं तुझ्यासाठी काय करायचं? भावाच्या गुन्ह्याची सजा बायकोला देऊ नकोस. ये आणि तिला घेऊन जा, नाहीतर इथंच राहा. दुकान दोघांचं आहे.

डोमाजी


इचोडा, १८ जून १९५३

मारोती,

हे सहावं पत्र. मधली पोचली नाहीत असं मी धरून चालतो, कारण पोचली आणि तरी तू गप्प आहेस असं धरलं तर मला शिव्या लिहाव्या लागतील, आणि पोस्टमन ओळखीचा आहे. शकूनं शिवलेली गोधडी मात्र पोचली होती. ती तशीच बांधलेली परत आली. रेणुकानं ती तिला न दाखवता वरच्या फळीवर टाकली, पण घरातल्या फळ्या घरातल्या बाईपासून लपतात का? तिनं पाहिली. दोन दिवस जेवली नाही, आणि विचारलं तर पोट बिघडलंय म्हणाली.

तुला लिहायचं होतं ते वेगळंच. जमा झालेली हत्यारं गंजायला लागली, जाणकार माणूस पाहिजे, असं बोलावणं आलं म्हणून मी मालखान्यात तेल-चिंध्या घेऊन गेलो होतो. भाल्यांचा ढीग, ठासणीच्या बंदुका, तलवारी, कुणाच्या देवघरातलं खड्गसुद्धा. आणि त्या ढिगात कोपऱ्यात, भिंतीला टेकून, आपली.

कापली नाही रे. आहे तशी आहे. फक्त दस्त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं ३१७ आकडा टाकलाय आणि रंगाचे ओघळ माझ्या जाळीच्या चौकटींत उतरलेत. हाताची पकड घसरू नये म्हणून ती जाळी मी भिंगाखाली केसभर अंतरानं ओढली होती. मी नखानं रंग काढायला लागलो तर शिपाई ओरडला, "नंबरको हाथ नको लगाव." मग मी जोडावर नख फिरवलं. अजून अडकत नाही. चार पावसाळे त्या दमट खोलीत काढले तरी लाकूड तसूभर हललं नाही. मी तिथं उभा राहून रडलो. शिपायाला वाटलं, तेलाचा वास लागला.

खांद्याला लावून पाहायचा मोह झाला. तुला आठवत असेल, गिऱ्हाइकाला आपण डोळे मिटायला सांगायचो, बंदूक उचलून खांद्याला लावायला सांगायचो आणि मग डोळे उघडायला. नळीच्या टोकावरची माशी नजरेच्या बरोबर समोर आली तर दस्ता त्या माणसाचा झाला. मी डोळे मिटले, उचलली, उघडले. माशी डावीकडं लांब कुठंतरी. माझ्यासाठी केलेलीच नव्हती ती, तर माझं ऐकेल कशाला?

कारकून भला होता. रजिस्टर पाहून म्हणाला, "डोमाजी, या बंदुकीच्या फाईलमध्ये तुमचा जबाब दिसून राह्यला. वाचून दाखवू का?" मी म्हटलं, बस चुकेल. बस दीड तासानं होती.

जबाब म्हणजे काही नाही. सगळ्यांचेच घेतले होते त्या वेळी.

तुझा दादा


इचोडा, १२ नोव्हेंबर १९५६

मारोती,

एक तारखेपासून आपला जिल्हा फुटला. तुझं राजुरा मुंबई राज्यात, आमचं इचोडा आंध्रात. तहसिलीच्या दारावर नवा तेलुगू फलक लागला, मला त्यातलं एक अक्षर लागत नाही. परवापर्यंत तू रागावून चाळीस कोसांवर बसला होतास, आता परराज्यात जाऊन बसलास. तुला बरंच वाटलं असेल. न येण्याला एक सरकारी कारण मिळालं.

तुझ्या मेव्हण्याबद्दल लिहायचं आहे. तू वाचणार नाहीस, पण लिहिल्याशिवाय मला झोप येत नाही.

भाऊबीजेला अमृतराव आला. दर वर्षी येतो, तामसीहून सकाळच्या बसनं, धुतलेलं धोतर नेसून, हातात साडीचं पुडकं. ओट्यावर बसतो. रेणुका पाणी देते. आतून शकू येत नाही. तासभर बसतो, पुडकं ओट्यावर ठेवतो आणि जातो. ते पुडकं शकू दुसऱ्या दिवशी बाहेरच्या बाहेर देऊन टाकते. यंदाचं आठवं होतं. यंदा तो गेला नाही. सरळ दुकानात माझ्यासमोर येऊन बसला. पार वाळलाय. मी रंधा मारत होतो तो मारतच राहिलो.

"डोमाजीभाऊ," म्हणाला, "माह्या पोरीचं, सोजरचं जुळलं होतं बोथले. पोरगा बेस होता. काल निरोप आला, नाई म्हन्ते. म्हन्ले, बहिनीच्या नवऱ्याले जेलात धाडनाऱ्याच्या घरची पोरगी आमाले नाई पायजे."

मी रंध्याचं पातं ठोकून बसवलं.

"तुमी सांगा बरं, म्या कॅम्पावर काय सांगतलं असन? मले तर बंदुकीचं काईच समजत नाई. म्या इतकंच म्हनलो, गंजीत कोनं टाकली मले मालूम नाई, गडबडीत कोनी टाकून गेलं असन. त्यायनं मानलं, सोडलं मले. तुमी एकडाव बोथले चला ना. तुमच्या शब्दाले वजन हाय. तुमी म्हनलं का अमृतरावानं नाई सांगतलं, तर मानतीन थे."

"पाहू," मी म्हटलं.

"काऊन पाहू? आज चला ना."

मी म्हटलं, आज काम आहे. बाजेचे दोन पाय द्यायचे होते. तो उठला. सोजरचं वय बोलून दाखवलं नाही, पण मला माहीत आहे. मापं घेणाऱ्या माणसाला कोणाची उंची विचारावी लागत नाही. ती पोर लहानपणी शकूच्या मांडीवर असायची. तिच्या लग्नात मला आंब्याचा पाट करायचा होता, हंसाच्या पायांचा. आता तो पाट राहू दे.

ये, मारोती. तू येऊन एक शब्द बोललास तर मिटेल. तू म्हटलंस की अमृतरावावर माझा राग नाही, तर मला काही बोलावं लागणार नाही.

दादा


इचोडा, २० जानेवारी १९५७

मारोती,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ आज वाचली असती तर मीच माझ्या थोबाडीत मारली असती. "मला काही बोलावं लागणार नाही." आठ वर्षं मी दुसरं केलं काय?

ऐक. एकदाच लिहितो, सुशोभित न करता.

अमृतरावाला सोडलं त्या दिवशी दुपारी कॅम्पावरचा साहेब जीपनं आपल्या दुकानात आला. तू बोथला होतास. त्याच्या माणसाच्या हातात आपली रायफल. त्यांना ती उघडता येत नव्हती, आत काडतूस आहे की काय याची भीती. उघडायची कळ तू सागाच्या पानाची केली होतीस, वेलीतच मिसळून गेलेली. ज्यानं केली नाही त्याला ती जन्मात सापडली नसती. साहेबानं विचारलं, "खोल सकते हो?" आणि मी हातात घेतली. माझा अंगठा बघण्याआधीच त्या पानावर गेला. खट्कन उघडली. बोटांनी आधी चहाडी केली.

तरीसुद्धा अजून वेळ होती. बंदुका दुरुस्त करणारा माणूस, त्याला कळ सापडली, एवढंच झालं असतं. साहेबही तसंच समजला. रायफल परत घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि आपल्या माणसाला म्हणाला, "देखो, इसको कहते हैं विलायती हाथ। यहाँ के लोग सात जनम में ऐसा काम नहीं कर सकते।"

माझ्या पायाखाली माझ्याच रंध्याचा भुसा होता. भिंतीवर वीस मापकाठ्या होत्या. आणि तो माणूस माझ्या दुकानात उभा राहून माझं काम दुसऱ्याच्या नावावर करत होता.

मी म्हणालो, "साहेब, लकडी मैंने काटी है। लोहा मेरे भाई ने।"

त्याला खरं वाटेना. हसला. तेव्हा मी गप्प बसायचं, की नाही? मी भिंतीवरून काठी काढली. कोपरापासून बोटापर्यंतचं माप सांगितलं, पावणेपंधरा. दस्ता डावीकडं किती कलवला, का कलवला, सगळं सांगितलं. गिऱ्हाईक डावखुरा होता हे सांगितलं. जोडावर त्याचं नख धरून फिरवलं. कारकून लिहून घेत होता आणि मला वाटत होतं, लिहू दे, कागदावर राहील कुठंतरी की हे इचोड्यात झालं. साहेबाचा चेहरा बदलत गेला ते मी पाहिलं, पण मला वाटलं, थक्क झाला. उभ्या जन्मात मला असा ऐकणारा मिळाला नव्हता.

मग त्यानं विचारलं, "तो फिर ये तुम्हारे घर से घास के ढेर में कैसे गई?"

तिथंही म्हणता आलं असतं, जहागीरदार घेऊन गेला. म्हणता आलं असतं, चोरीला गेली. म्हणता आलं असतं, मीच नेली. मारोती, मी म्हणालो, "मला माहीत नाही. भावाला विचारा."

भावाला विचारा, हे दोन शब्द. यांच्यासाठी तू अठरा महिने आत होतास.

तुला उचलल्याची बातमी आली तेव्हा घरात रड उठली. शकूनं रेणुकाला विचारलं, कोणी सांगितलं? मी दारात होतो. मीच म्हणालो, "अमृतराव कालच सुटून आला ना." इतकंच. पुढचं गावानं केलं. पण पहिलं वाक्य माझं.

ते लिहून झालं. आता मला हलकं वाटावं, पण तसं काही झालेलं नाही. रेणुकाला सांगितलंय. ती माझ्याशी बोलत नाही. शकूला अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर आलं की सांगतो. तू काय म्हणशील ते कळल्याशिवाय तिच्यापुढं जायची माझी हिंमत नाही.

डोमाजी


तामसी, ५ मार्च १९५७

मारोतराव,

तुझं कार्ड आलं. आठ वर्षांतलं पहिलं. मला ते पाठ झालंय, तरी इथं उतरवतो, कारण ते कोणापुढं लिहितोय ते तुला खाली कळेल.

"दादा, तुमचं पत्र मिळालं. मला पहिल्यापासून माहीत होतं. कोर्टात जबाब वाचला. त्यात पावणेपंधरा इंच आणि डावा खांदा होता. अमृतरावाला इंच म्हणजे काय तेही माहीत नाही. तुम्ही स्वतः सांगाल याची वाट पाहत होतो. शकू तुमच्या घरात होती तोवर तिचं तोंड तुम्हाला रोज पाहावं लागत होतं, म्हणून तिला नेलं नाही. आता तुम्ही बोललात. माझं समाधान झालं. होळीला येऊन तिला घेऊन जातो. तयारी करून ठेवायला सांगा."

मी हे शकूला वाचून दाखवलं. आधी माझं सांगितलं, मग तुझं वाचलं. मी ओट्यावर, ती दाराआड. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. आठ वर्षं एका घरात राहून तिनं माझ्यापुढं पदर खाली घेतला नाही की माझ्याशी थेट शब्द बोलली नाही. जे असेल ते रेणुकाच्या तोंडून. कार्ड संपल्यावर ती दाराबाहेर आली. पदर खांद्यावर होता. केस पांढरे झालेत हे मी तेव्हा पाहिलं.

"त्यायले पह्यल्यापासून मालूम होतं?" तिनं मला विचारलं.

"हो."

"तुमाले बी मालूम होतं."

"हो."

"मंग मले कोनं काऊन नाई सांगतलं? म्या माह्या भावाले आठ दिवाळ्या बाहीर बसवला." मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं दोघायचं होऊन राह्यलं होतं, अन् मी मधात होती."

ती रडली नाही. आत गेली, फळीवरची गोधडी काढली, दोन लुगडी त्यात बांधली आणि बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. मी मागोमाग गेलो. त्याच बसमध्ये बसलो. तिनं मला हाकललं नाही, पण जागाही दिली नाही.

तामसीत मी आधी पारावर गेलो. दहा-बारा माणसं होती. मोठ्यानं सांगितलं, अमृतरावानं नाही, मी सांगितलं. म्हातारे उद्धवराव विडी विझवून म्हणाले, "आठ वर्सं लागले का गा एवढं बोलाले?" बोथलाही उद्या जाऊन सांगणार आहे. त्या मुलाचं दुसरीकडं ठरलंय असं इथं कळलं.

अमृतरावाच्या घरी पोचलो तोवर शकूनं पाट मांडला होता. दिवाळी नाही, भाऊबीज नाही, फाल्गुनातल्या भर दुपारी तिनं त्याला ओवाळलं. त्याला काय करावं कळेना. तबकात घालायला घरात काही सापडेना म्हणून त्यानं पोलक्यासाठी आणून ठेवलेलं सोजरचं कापड घातलं. मी उंबऱ्याबाहेर उभा होतो. मला कोणी आत या म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग शकूनं हे पत्र लिहायला बसवलं. तुला काय लिहायचं ते तिनं सांगितलं आणि मी विचारलं की जरा सौम्य करू का, तर म्हणाली, "तुमाले कोरकाम करासाठी नाई बसवलं. जसं सांगतलं तसं लिहा." म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो :

"होळीले येऊ नका. मी तुमची वाट पाहून राह्यली होती थे खरं, पन थे आता झालं. तुमी मले टाकली असं कोनी म्हनू नये म्हनून लिहून देते. तुमी नाई टाकलं. म्या तुमाले सोडलं. मी माह्या भावाच्या घरी हाय अन् कापूस येचाले जाते."

माझ्या वाचून दाखवण्यावर तिचा आता भरवसा नाही. हे पत्र सोजरनं, चौथीपर्यंत शिकलेल्या पोरीनं, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत तिला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मी शब्द बदलले होते, ते तिनं पकडले आणि मला दुरुस्त करायला लावले. खालचा अंगठा शकुबाईचा आहे.